वर्गणी आणि ऋण

माझ्या कचेरीचा जमाखर्च लिहिणारे गृहस्थ वयाने माझ्याहून वीस वर्षांनी वडील आहेत. माझे वडील वकिली करीत होते तेव्हापासून ते आमच्याकडे आहेत, आणि ज्या खर्चाचा अर्थ त्यांना लागत नाही त्या खर्चापुढे पेन्सिलीने बारीक टिंब देण्याची त्यांची जुनी सवय आहे. गेल्या चैत्रात वर्षाचा हिशेब मिटवताना असे एक टिंब माझ्या दृष्टीस पडले. संगणकाच्या कार्यप्रणालीवर पूर्वी होणारा खर्च तीन वर्षांपूर्वी बंद झाला होता, कारण कचेरीतील सारे संगणक मी लिनक्सवर आणले आणि लिनक्सला पैसे पडत नाहीत. परंतु त्याच वर्षापासून एका परदेशी कंपनीस ‘गोपनीयतेच्या सेवेबद्दल’ वर्गणी जाऊ लागली होती. टिंब तेथे होते. मी कारण विचारले तेव्हा त्यांनीच मला उलट विचारले, “वकीलबाब, फुकट मेळिल्ल्या घराक विकतें घेतिल्लें कुलूप कित्याक?”

मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न गेला नाही. त्यांनी तो काटकसरीच्या भूमिकेवरून विचारला होता. मला मात्र त्यात पैशापेक्षा अधिक काही दिसू लागले. जे फुकट मिळते त्याचे आपण कोणाला काय लागतो? आणि जे विकत घेतो त्याबद्दल विकणारा आपल्याला काय लागतो? केवळ वर्गणीत हे देणेघेणे पुरे होते काय?

ज्या वाचकांचा या विषयाशी नित्याचा संबंध नाही, त्यांच्यासाठी प्रथम त्या घराविषयी आणि कुलपाविषयी थोडे सांगतो. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने १९८३ साली जाहीर केले की, कोणासही वाचता येईल, बदलता येईल व दुसऱ्यास देता येईल अशी एक संपूर्ण कार्यप्रणाली आपण रचणार. त्या प्रकल्पाचे नाव ग्नू. पुढे १९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने त्या प्रणालीला हवा असलेला गाभा लिहिला, आणि जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. आज आपण ज्यास लिनक्स म्हणतो ते हे घर. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने जिल्हा न्यायालयांच्या संगणकीकरणासाठी उबुंटू या लिनक्सच्याच एका आवृत्तीची निवड केली, हे आम्हा वकिलांना परिचित आहे. माझा या घराशी पहिला परिचय न्यायालयाच्या आवारातच झाला.

कुलूप म्हणजे व्हीपीएन. हा एक बोगदा असतो. माझ्या संगणकातून निघालेले दळणवळण कुलूपबंद होऊन प्रथम कंपनीच्या यंत्राकडे जाते आणि तेथून पुढे जगात जाते. त्यामुळे ज्या उतारगृहाच्या किंवा दूरध्वनी कंपनीच्या जाळ्यावर मी बसलो आहे, त्याला मी कोणाच्या दारी गेलो हे समजत नाही. पण येथेच एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. उतारगृहाला जे दिसत होते ते आता त्या कंपनीला दिसू शकते. अविश्वासाने जे वाण्यापासून लपविले, तेच विश्वासाने पेढीवाल्याच्या हाती ठेवले, असा हा व्यवहार आहे. भय नाहीसे होत नाही, ते एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी नेले जाते.

मग मी वर्गणी कशाची देतो? नीट पाहिले तर मी एका अपरिचित माणसाच्या संयमाची किंमत देतो. त्याला पाहता आले असते, ते त्याने पाहू नये. नोंदवून ठेवता आले असते, ते नोंदवू नये. विकता आले असते, ते विकू नये. तांदूळ घेताना मूठभर हातात घेऊन पाहता येतात. संयम हातात घेऊन पाहता येत नाही. न घडलेल्या गोष्टीचा नमुना कोण दाखविणार? म्हणून या व्यापारात दोनच गोष्टींवर विसंबावे लागते: एक विकणाऱ्याचा शब्द, आणि दुसरी म्हणजे त्या शब्दाची कसोटी लागते तेव्हाचे त्याचे वर्तन.

अशी कसोटी कधी कधी प्रत्यक्ष लागते. स्वीडनमधील मुल्वाड ही कंपनी २००९ पासून ही सेवा देत आहे. ती वर्गणीदाराचे नाव विचारत नाही, पत्ता विचारत नाही. एक लांब आकडा देते, आणि तोच त्याचा परिचय. पाकिटात रोख नोटा घालून पाठविल्या तरी ती स्वीकारते. महिन्याचे पाच युरो, म्हणजे आजच्या दराने साधारण पाचशे रुपये, हा तिचा दर आरंभापासून तोच आहे. एक महिना घ्या की बारा घ्या, सूट नाही. २०२२ मध्ये तिने दरमहा आपोआप वसूल होणारी वर्गणी घेणेच बंद केले, कारण तशा वसुलीसाठी वर्गणीदाराविषयी काही माहिती जपून ठेवावी लागते. हाती आपसूक येणारा पैसा केवळ माहिती साठू नये म्हणून सोडणारा व्यापारी विरळा. पुढे एप्रिल २०२३ मध्ये गोथेनबर्ग येथील तिच्या कचेरीत स्वीडिश पोलीस झडतीचा हुकूम घेऊन आले आणि रिकाम्या हातांनी परतले. जे नव्हतेच ते नेणार कसे?

दुसरे उदाहरण इतके सोपे नाही, म्हणूनच मला ते अधिक बोधप्रद वाटते. जिनिव्हा येथील प्रोटॉन ही संस्था सर्न या प्रयोगशाळेत एकत्र आलेल्या संशोधकांनी २०१४ मध्ये उभारली. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या अधिकाऱ्यांच्या बंधनकारक आदेशानुसार तिला फ्रान्समधील एका पर्यावरण-चळवळ्याच्या खात्याचा संगणकीय पत्ता नोंदवून द्यावा लागला. पत्रांतील मजकूर तिला देता आला नाही, कारण तो तिलाही वाचता येत नव्हता. परंतु आपण असे पत्ते नोंदवीत नाही, असे तिच्या फलकावर तोपर्यंत लिहिलेले होते. लोक रागावले, आणि तिने तो मजकूर बदलला. कायद्याचा आदेश पाळला यासाठी मी तिला दोष देणार नाही. मी स्वतः कायद्याचा माणूस आहे. दोष होता तो फलकाचा. आदेश येण्यापूर्वीच तो खरा असावयास हवा होता.

फलकाविषयी मी इतका आग्रही का, ते सांगण्यासाठी माझाच एक अनुभव नोंदवतो. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. गोव्यात वारसांमधील वाटणीची कामे ‘इन्व्हेंतार’च्या पद्धतीने चालतात, आणि त्यांत भावाभावांचे जे काही बाहेर येते ते वकिलाने आपल्या पोटात ठेवावयाचे असते. अशाच एका कामासाठी मी पुण्यास एका उतारगृहात राहिलो होतो. तत्पूर्वी मी एका व्हीपीएन कंपनीस दोन वर्षांची वर्गणी एकरकमी दिली होती. तिच्या फलकावर सेवांची लांबलचक यादी होती, आणि यादीखाली निरनिराळ्या कार्यप्रणालींची चित्रे ओळीने मांडली होती. त्यांत लिनक्सचा पेंग्विनही होता. यादीत एक सोय अशी होती की बोगदा मध्येच तुटला तर संगणकाचे सारे दळणवळण तत्काळ थांबावे. त्या व्यवसायात तिला ‘किल स्विच’ म्हणतात. रात्री काम करता करता बोगदा तुटला. दळणवळण थांबले नाही. अर्धा तास मी उघड्या रस्त्यावरून चाललो होतो आणि मला वाटत होते की मी बोगद्यात आहे.

पत्रांतील मजकूर कोणाला दिसला नाही, कारण त्याला स्वतंत्र कुलूप असते. परंतु कोणत्या पेढीच्या, कोणत्या नोंदणी कार्यालयाच्या आणि कोणाच्या दाराशी मी गेलो, हे त्या जाळ्यावर दिसण्याजोगे होते. वाटणीच्या तंट्यात कित्येकदा तेवढेही पुरेसे असते. माझ्या माहितीप्रमाणे त्यातून काही वाईट निपजले नाही. पण १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने आणि त्यापूर्वी जुन्या पुराव्याच्या कायद्याच्या कलम १२६ ने अशिलाचे गुपित राखण्याचे जे बंधन माझ्यावर घातले आहे, त्याचे माप नुकसानावरून ठरत नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीस लिहिले. उत्तर अत्यंत सभ्य होते: सदर सोय लिनक्ससाठी अद्याप उपलब्ध नसून ती विचाराधीन आहे.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम १७ मध्ये कपटाची व्याख्या असून तिच्याखाली एक घोडा उभा आहे, आणि कायद्याचा अभ्यास केलेल्या प्रत्येकाची त्याच्याशी विद्यार्थिदशेतच ओळख झालेली असते. एक मनुष्य आपला घोडा लिलावात विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. केवळ मौन म्हणजे फसवणूक नव्हे; घेणाऱ्याने पाहून घ्यावे. परंतु लगेच दुसरे उदाहरण येते. घेणारी ही विकणाऱ्याची मुलगी असून नुकतीच सज्ञान झाली आहे. आता मात्र सांगणे त्याचे कर्तव्य ठरते, कारण दोघांचे नाते तसे आहे. तिसऱ्या उदाहरणात घेणारा म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा धड आहे असे मी समजेन. आणि विकणारा गप्प राहतो. येथे मौन हेच बोलणे होते.

गोपनीयता विकणारा यांपैकी कोण? त्याचा करार परदेशी कायद्याखाली असतो आणि मी काही पाचशे रुपयांसाठी दावा लावणार नाही. पण नीतीच्या दृष्टीने प्रश्न उरतोच. मला वाटते, तो लिलावातला विक्रेता राहू शकत नाही. घोडेवाला कोणाला म्हणत नाही की माझ्यावर विश्वास ठेव. हा मात्र तेवढेच म्हणतो, आणि त्याच्या दुकानात विश्वासावाचून दुसरा माल नाही. विश्वास ठेवण्याचे आमंत्रण देऊन त्याने स्वतःच नाते निर्माण केले आहे. ज्याने नाते निर्माण केले त्याला परकेपणाच्या मौनाचा आधार घेता येणार नाही. आणि सोयींच्या यादीखाली पेंग्विनचे चित्र लावून गप्प बसणे हे तर तिसऱ्या उदाहरणातले मौन झाले.

येथवर माझी बाजू मला भक्कम वाटत होती. परंतु प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये, ही आमच्या व्यवसायाची पहिली शिकवण. तेव्हा कंपनीच्या आसनावर बसून पाहू.

लिनक्स हे एकच घर नाही. तो एक मोठा वाडा आहे आणि त्यात प्रत्येक बिऱ्हाडाची चूल वेगळी. डेबियन व उबुंटू यांचे कुटुंब एका प्रकारच्या पुडक्यात आज्ञावली घेते, फेडोराचे कुटुंब दुसऱ्या, आर्चचे तिसऱ्या. पडद्यावर चित्र उमटविण्याची जुनी व्यवस्था एक्स ११ आणि नवी वेलँड, या दोन्ही नांदत आहेत. संकेतशब्द जपून ठेवण्याची तिजोरी एका ठिकाणी एक, तर दुसरीकडे दुसरी. जाळ्याची जोडणी सांभाळणारी आज्ञावली सर्वत्र सारखी नाही. म्हणजे विंडोजसाठी एकदा जे काम करावे लागते ते येथे चारदा तपासावे लागते. आणि हे सर्व कोणासाठी? स्टॅटकाउंटरच्या गणनेप्रमाणे २०२४ च्या आरंभी मेजावरील व मांडीवरील संगणकांत लिनक्सचा वाटा शंभरात चारच्या आसपास होता. सर्वांकडून सारखी वर्गणी घेऊन चौघांवर त्यांच्या वाट्याहून कितीतरी अधिक खर्च करावयाचा, तर उरलेल्या शहाण्णवांवर अन्याय होत नाही काय? समता म्हणजे एकरूपता नव्हे. सयुक्तिक वर्गीकरण राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदालाही चालते.

हा युक्तिवाद पोकळ नाही. प्रोटॉनने फायली साठविण्याच्या आपल्या सेवेची स्वतंत्र आज्ञावली २०२३ मध्ये प्रथम विंडोजसाठी व नंतर मॅकसाठी काढली. लिनक्सच्या वर्गणीदारांना तेव्हा ब्राउझरमधूनच फाइली चढवाव्या लागत. जर्मनीतील टुटा ही त्याहून लहान कंपनी मात्र टपालाची आज्ञावली तिन्ही प्रणालींसाठी देते, आणि मुल्वाडही लिनक्सला मागे ठेवीत नाही. त्यांची सेवा एकाच गोष्टीपुरती आहे, म्हणून त्यांना ते जमते, असे कोणी म्हणेल. आणि ते बहुतांशी खरे आहे. दहा पदार्थ रांधणाऱ्याकडून प्रत्येक ताटात दहाही पदार्थ एकाच वेळी पडतील अशी अपेक्षा धरता येत नाही. तेव्हा मी माझी मागणी खाली आणतो. सर्व सोयी द्या असे म्हणत नाही. जे देत नाही ते पैसे घेण्यापूर्वी सांगा. एका ओळीचा खर्च आहे. त्या ओळीमुळे काही वर्गणीदार जातील हे खरे, पण ती न लिहिण्याचे तेच कारण असेल तर मग आपण पुन्हा लिलावात उभे आहोत.

अल्पसंख्येविषयी मात्र मला थोडे अधिक बोलावयाचे आहे. हे मासिक ज्यांच्या हाती पडते त्यांच्यापैकी कितीतरी वाचक बेळगावात, इंदुरात, बडोद्यात, हैदराबादेत पिढ्यान् पिढ्या राहिलेले आहेत. सारखाच कर भरून खिडकीवर आपल्या भाषेतला अर्ज न मिळणे म्हणजे काय, हे त्यांना सांगावयास नको. शंभरात चार आहेत म्हणून त्यांचे काम नाही, असा हिशेब राज्यघटनेनेही मान्य केला नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३५०-अ घटनेत आला, आणि प्रत्येक राज्याने त्यासाठी प्रयत्न करावा असे त्यात म्हटले आहे. दर डोई खर्च किती पडतो, याची अट तेथे नाही.

पण ही तुलना मी फार ताणणार नाही. भाषा आपण निवडीत नाही; लिनक्स मी निवडले. स्वेच्छेने आडवाटेला घर बांधणाऱ्याने नगरपालिकेने आपल्या दारापर्यंत डांबरी सडक आणावी असा हट्ट धरू नये, हे मला मान्य आहे. तरीही येथे एक पेच पडतो. मी हे घर का निवडले? त्याच्या भिंती पारदर्शक आहेत म्हणून. घर माझ्याविषयी कोणाला काय सांगते हे वाचता येते. मला स्वतःला वाचता येत नसले, तरी ज्यांना येते त्यांना कोणी अडवीत नाही. म्हणजे ज्या मूल्याची ही कंपनी विक्री करते, त्याच मूल्यासाठी मी आडवाटेला गेलो. ‘तुमची निवड, तुम्ही भोगा’ हे वाक्य इतर कोणत्याही दुकानदाराच्या तोंडी शोभेल. ज्याने पाटीवर ‘एकांतवासाचे साहित्य’ असे लिहिले आहे, त्याने अरण्यात राहणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘तू इतक्या दूर का राहतोस?’ असे विचारणे चमत्कारिक दिसते.

याहूनही मोठी गोष्ट पुढेच आहे, आणि ती मला उशिरा सुचली. या कंपन्यांच्या ग्राहकांत लिनक्स अल्पसंख्य असेल. परंतु इंटरनेटवरील बहुसंख्य यंत्रे लिनक्सवर चालतात. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पाचशे सर्वांत बलाढ्य महासंगणकांच्या यादीत लिनक्सशिवाय दुसरे काही नाही. आपल्या खिशातील अँड्रॉइड दूरध्वनीचा गाभाही तोच. आणि आज बहुतेक व्हीपीएन कंपन्या वायरगार्ड नावाच्या ज्या पद्धतीने बोगदा बांधतात, ती जेसन डोनेनफेल्ड यांनी प्रथम लिनक्ससाठीच रचली. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीपासून ती त्याच्या गाभ्याचा भाग झाली, आणि वापरण्यास सर्वांना मोकळी आहे. म्हणजे ज्या घराच्या दाराला बसेल असे कुलूप करावयास दुकानदाराला सवड होत नाही, त्या घराच्याच लाकडाचे त्याचे दुकान आहे, आणि कुलूप करण्याची विद्याही त्या घरातूनच आलेली.

आपल्याकडे यासाठी एक शब्द आहे. तैत्तिरीय संहितेत म्हटले आहे की ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मणात चौथे मनुष्यांचे ऋणही सांगितले आहे, आणि ते आतिथ्याने फिटते. यांतील ऋषिऋणाची कल्पना मला विलक्षण वाटते. ज्यांनी विद्या निर्माण केली त्यांना ते परत करावयाचे नसते. ते हयातही नसतात आणि त्यांची मागणीही नसते. ती विद्या आपण घ्यावी, जपावी आणि पुढच्याच्या हाती द्यावी, एवढीच फेड. धनको एक आणि फेड घेणारा दुसराच, असे हे कर्ज कोणत्याही रोखापत्रात बसत नाही.

आणि तरी विसाव्या शतकात कोणी ते रोखापत्रात बसविण्याचा यत्न केलाच. लिनक्सचा गाभा ज्या परवान्याखाली दिला जातो, तो जीपीएल, वकिलाच्या दृष्टीने वाचण्यासारखा दस्तऐवज आहे. घ्या, वापरा, बदला. परंतु बदललेली वस्तू दुसऱ्याच्या हाती देणार असाल तर तिची मूळ संहिताही त्याच अटींवर द्या, असा त्याचा आशय. स्वामित्वहक्काचा कायदा कुंपण घालण्यासाठी केला होता. या परवान्याने त्याच कायद्याचा उपयोग कुंपण घालू न देण्यासाठी केला. ऋषिऋणाला स्टँपपेपर मिळाला, असे म्हटले तरी चालेल. पण त्यात एक फट आहे. ‘दुसऱ्याच्या हाती देणार असाल तर’ ही अट पाहा. जो आपल्याच यंत्रावर लिनक्स चालवून केवळ सेवा विकतो, तो कोणाच्या हाती काहीच देत नाही. म्हणून या परवान्याने त्याच्यावर काहीच बंधन येत नाही. ती फट बुजविणारा दुसरा परवाना २००७ मध्ये निघाला, पण लिनक्सचा गाभा त्याखाली नाही. म्हणजे करार कंपनीच्या उंबरठ्यापाशी थांबतो. ऋण थांबते काय?

न्याय्यतेसाठी हेही सांगितले पाहिजे की प्रोटॉन, टुटा, मुल्वाड या तिघांनीही वर्गणीदाराच्या संगणकावर चालणाऱ्या आपल्या आज्ञावलींची संहिता उघडी ठेवली आहे. कोणीही ती वाचून पाहावी. ही फेडच आहे, आणि लहान नाही. आमची तक्रार नोंदवताना आम्ही लिनक्सवाले ते विसरतो. आम्ही आणखीही एक विसरतो. जेथे कंपनीची आज्ञावली नसते तेथे आमच्यापैकीच कोणी रात्री जागून ती लिहितो आणि फुकट देतो. त्यामुळे कंपनीचा खर्च वाचतो, तिची वर्गणी टिकते, आणि जागणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही. मीही अशी एक आज्ञावली वर्षभर वापरली. तिच्या कर्त्याला दोन ओळींचे पत्रही लिहिले नाही.

हे मनात आले त्या दिवसापासून कंपनीविरुद्धचा माझा आवाज जरा खाली आला. मी तिला म्हणत होतो की ज्यावर तू उभी आहेस त्याचे तुझ्यावर ऋण आहे. तेच वाक्य मला तितकेच लागू होते. तीन वर्षे त्या घरात राहून मी घरपट्टी भरली नव्हती. ती कोणी मागितली नाही एवढेच निमित्त. आणि जो संयम विकतो त्याला मात्र दोन वर्षांचे पैसे आगाऊ मोजले होते. कारकुनांना आश्चर्य वाटले ते कुलूप विकत घेतल्याचे. मला लाज वाटली ती घर फुकट घेतल्याची.

त्यांचा मूळ प्रश्न तरीही उरतो आणि त्याला सरळ उत्तर आहे. घर पारदर्शक असले तरी रस्ता माझा नसतो. रस्त्यावर पाहणारे असतात, म्हणून कुलूप लागते. पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. हक्क न्यायालय देते; त्याचे रक्षण दररोज करावे लागते, आणि त्याला खर्च येतो. त्यातच आपल्या देशात एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनी व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे जपून ठेवावेत असे ठरले, तेव्हा प्रोटॉनसह काही कंपन्यांनी भारतातील आपली यंत्रे हलविली. गुन्हेगाराचा माग लागावा हा त्या निर्देशांमागचा हेतू मी क्षुल्लक मानत नाही. फौजदारी कामे मीही चालविली आहेत. परंतु ज्याची विक्री ‘मी लिहून ठेवत नाही’ या एका वाक्यावर चालते, त्याने वही ठेवण्याऐवजी गाव सोडले, यात मला त्याचे काही चुकले असे वाटत नाही. गाव सोडण्याचा खर्च त्याने सोसला, आणि आपण असे का केले हे सांगितलेही.

पुण्याच्या त्या रात्रीनंतर मी कंपनीस दुसरे पत्र लिहिले. सोय मागितली नाही. फलकावर एक ओळ घालावी, एवढी विनंती केली. सूचना संबंधितांकडे पाठविली आहे, असे उत्तर आले. मुदत संपेपर्यंत मी अधूनमधून तो फलक उघडून पाहत असे. पेंग्विन जागच्या जागी होता. मुदत संपली तेव्हा मी वर्गणी पुढे चालविली नाही. ज्या कंपनीकडे गेलो तेथे यादी आखूड आहे, सूट नाही, आणि माझे नावही तिला ठाऊक नाही.

दरात जो फरक पडला तो, आणि त्यात थोडी भर घालून, मी डेबियनच्या प्रकल्पास पाठविला. १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालविलेली ही आवृत्ती. माझी कचेरी तिच्यावरच चालते, आणि न्यायालयातला उबुंटूही तिच्यापासूनच निघालेला. पावती छापून मी कारकुनांच्या मेजावर ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि रक्कम कोणत्या सदरात घालू म्हणून विचारले. दान लिहू की देणे? मी म्हटले, देणे लिहा. त्यांनी मान हलविली; देणे लिहावयाचे तर मागणीचे बिल लागते, आणि ते कोठे आहे? बिल नव्हते. मग दान लिहू म्हणाले, तर ते माझ्या मनाला पटेना. थोडा वेळ आम्ही दोघेही वहीकडे पाहत बसलो. अखेरीस त्यांनी ती रक्कम किरकोळ खर्चात घातली आणि तिच्यापुढे पेन्सिलीने बारीक टिंब दिले.